सगुणाबाईंची जीभ

“नाय गो. नुसतं मीठ हाय हे,” असं लेकाच्या पाठोपाठ म्हणत सगुणाबाईंनी वाटी सुनेकडे परत सरकवली.

राहीनं वाटीतलं सूप मोरीत ओतलं. आणखी एक पावडर बाद. बाजारातली दुकानं पालथी घालताना तिच्या नाकी नऊ आले होते, आणि इथे सासूबाई एका घोटात निकाल देऊन मोकळ्या होत होत्या.

मांडवीतल्या त्यांच्या खानावळीत आजवर सूप कुणी मागितलंच नव्हतं. माणसं यायची ती सगुणाबाईंच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला. पण यंदा गिऱ्हाईक रोडावलं होतं. अशात पुण्याच्या मनस्वीनं तिच्या योगवर्गाचं खाणंपिणं हंगामभर राहीला द्यायचं कबूल केलं. मंडळी व्हीगन. मासे तर नाहीतच, पण दूध, तूप, मधसुद्धा नाही. पहाटे वाळूवर आसनं झाली की त्यांना कपभर गरम सूप हवं होतं. खानावळीतल्या प्रत्येक टोपाला म्हावऱ्याचा वास, त्यात भाज्या काय उकळणार? म्हणून नुसत्या गरम पाण्यात ढवळायची एखादी चांगली पावडर शोधा, असं मनस्वीनंच सुचवलं. हे काम हातचं गेलं तर राहीचा नवरा सागर पुन्हा लोट्याला कंपनीत शिफ्ट करायला जाणार होता आणि खानावळीला कुलूप लागणार होतं.

बाजारात तर आनंदीआनंदच होता. दुकानदार पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवून म्हणायचा, “शुद्ध शाकाहारी हाय, वहिनी!” राही मागचं बारीक अक्षर वाचायची, तर त्यात दुधाची भुकटी. दुसऱ्या पाकिटावर आधी मीठ, मग साखर, मग पामतेल.

“ह्यात भाजी कुठाय?” तिनं विचारलं.

“फोटोत हाय की,” दुकानदार म्हणाला.

त्यातून एखादी धड पावडर मिळालीच, तर ती घरी येऊन सासूबाईंपाशी अडायची. सगुणाबाईंनी चाखल्याशिवाय ह्या घरातून काही बाहेर जायचं नाही, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. खानावळ त्यांच्या जिभेवरच उभी होती, हे राहीलाही मान्य होतं. पण चाखायची तऱ्हा तरी बघा! स्वतः आधी बोलायचं नाही. घोट घ्यायचा आणि म्हणायचं, “सागर, तुला काय वाटतंय?” सागर म्हणाला खारट, की ह्यांनाही खारट. सागर म्हणाला कुबट वास येतोय, की ह्यांचा पदर नाकाला लागलाच. राहीला तर कुणी विचारायचंच नाही. ती पडली लांज्याकडची, कुळथाच्या पिठल्यावर वाढलेली. तिला काय डोंबल चव कळणार!

पावसाळ्यात तापातून उठल्यापासून तर सासूबाईंचं जास्तच झालं होतं. परवा खवट खोबरं त्यांनी स्वतः वाटपात घातलं, आणि गिऱ्हाईक बोललं तेव्हा खापर राहीवर फोडलं. “नारळ तूच आणलेलास ना?” म्हणे. राहीची आता खात्रीच पटली होती. ह्यांना योगवाले नको होते, सूप नको होतं, आणि खरं तर सुनेचं काही चाललेलंच नको होतं.

दुसऱ्या दिवशी कुरियरनं एक पाकीट आलं. आधी गाजर, मग कांदा, कोबी, टोमॅटो, आणि मीठ अगदी शेवटी. दूध नाही, साखर नाही. राहीनं ते दोनदा वाचलं. सागर जेटीवर मासळी आणायला गेला होता. तिनं टोपात पाणी चढवलं, सासूबाईंच्या पद्धतीनं त्यात हळदीची चिमूट टाकली, तोच मनस्वीचा फोन आला.

“राहीताई, ठरलं का? मला बाकीच्यांना कळवायचंय.”

“थोडा वेळ द्या. सासूबाई चाखतील आता.”

“तुमच्या सासूबाई आठवडाभर चाखतायत हो!” मनस्वी हसली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. “आज नाही ठरलं, तर मी दुसरीकडे बघते.”

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानंच आलं. तिनं फोन ठेवला, टोपातलं वाफाळतं वाटीत ओतलं आणि तशीच पडवीत जाऊन सासूबाईंपुढे वाटी ठेवली.

“सागर कुठाय?” त्यांनी विचारलं.

“जेटीवर. आज तुम्हीच सांगा, आई. नको असेल तर सरळ नको म्हणा. मी त्या बाईला तसं कळवते. पण पुन्हा कुठल्या दुकानाची पायरी चढणार नाही मी.”

सगुणाबाईंनी वाटी उचलून फुंकर मारली. एक घोट घेतला आणि सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. राहीनं डोळे पुसले. त्यांनी आणखी एक घोट घेतला, मग सावकाश सगळी वाटी संपवली.

“हे घे,” त्या म्हणाल्या. “चव हाय गो ह्याला. भाजीचा गोडवा लागतो. मीठ पण बेताचं.”

“खरं सांगताय?”

“चवीच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेय काय? जा, कळव तिला.”

राहीला त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. आठवडाभर मनातल्या मनात आपण त्यांना काय काय बोललो होतो, ते आठवून तिला लाज वाटली. इतका राग बरा नव्हे, असं स्वतःला बजावत तिनं मनस्वीला फोन लावला.

“ठरलं! सासूबाईंना पसंत पडलं.”

“चला, सुटले! नाव सांगा बघू, पाकिटावरचं वाचून.”

फोन कानाला लावूनच राही हसत स्वयंपाकघरात गेली आणि तिनं ओट्यावरचं पाकीट उचललं.

पाकीट अजून फोडलेलंच नव्हतं.