आप्पांना भेटायला

सुट्टीवर चेन्नईला आलेल्या गिरीधरला अक्कानं हट्टानं तिथल्या ब्रिटिश अमदानीतल्या मेडिकल कॉलेजात आणलं. “एकदा बघ, मग जन्मभर बोलू नकोस,” ती म्हणाली. गिरीधर परदेशात असताना वडील गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे अक्कानं त्यांचं देहदान केलं. मुलाच्या हातचा अग्नी चुकला, म्हणून त्यानं बहिणीशी अबोला धरला होता. विच्छेदनाच्या दालनात पांढऱ्या चादरींखाली देह टेबलांवर रांगेनं निजवलेले होते. “यातले आप्पा कुठले?” त्यानं अक्काला दरडावून विचारलं. दारातली विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “नावं आम्हालाही सांगत नाहीत, सार. म्हणून रोज आम्ही सगळ्यांनाच नमस्कार करतो.” मग गिरीधरनं बूट काढले, पहिल्या टेबलाशी जाऊन हात जोडले, डोकं टेकवलं आणि तो दुसऱ्या टेबलाकडे वळला.