जिचं तिनं सांगायचं

"एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो," नवे सर म्हणाले. "माझ्या टीममध्ये चुगल्या चालणार नाहीत. जिचं दुखतंय, तिनं स्वतः येऊन सांगायचं. दुसरीनं सांगितलं, तर ती दुसरी घरी जाईल."

हॉकीच्या टर्फवर बसलेल्या पोरींनी माना डोलावल्या. सरांना बरं वाटलं. सगळं आयुष्य पुरुषांच्या टीमा घडवण्यात गेलेलं. तिथं एवढ्यावर निम्मी टीम अंगावर आली असती, आणि इथं सगळ्या कशा शहाण्यासारख्या ऐकताहेत! माणूस वाईट नव्हता हो. आल्या आल्या भांडून पोरींना नवे बूट मिळवून दिले होते त्यानं.

त्यांच्या मागे शिट्टी धरून उभ्या असलेल्या ताईंची नजर मात्र एकेका पोरीवरून फिरली. गेल्या महिन्यापर्यंत टीम त्यांची होती. आता त्या सरांच्या मदतनीस. आणि सरांनी आत्ता जे मोडीत काढलं, त्याच्याच जोरावर ताईंनी इतकी वर्षं टीम सांभाळली होती. इथं आपलं दुखणं आपण सांगायचंच नाही, खोलीतल्या जोडीदारणीनं सांगायचं. रोज सकाळी ताई प्रत्येकीला विचारायच्या, "तुझी जोडीदारीण कशी आहे गं?" कारण या पोरींना त्या ओळखून होत्या. घरी पाय दुखतो म्हटलं, की 'मग सोड तो खेळ' हेच ऐकत वाढलेल्या पोरी. हाड मोडलं तरी हसतील, पण स्वतःहून? नाव नको.

"चला, पेनल्टी कॉर्नर," सरांनी टाळी वाजवली.

पाखरू मास्क घेऊन उठली. बारकी, चपळ, म्हणून पाखरू. समोरची फ्लिक मारायला, म्हणजे चेंडू उचलून गोलवर भिरकवायला वाकली, की गोलच्या रेषेवरून सुटायचं आणि थेट तिच्या अंगावर धावत जायचं, हे तिचं काम. म्हणजे काय, तर चेंडूच्या वाटेत आपण यायचं. काल असाच एक चेंडू मास्कच्या कडेनं तिच्या कानामागे बसला होता. पाखरू पडली, उठली, हसली आणि शेवटपर्यंत खेळली.

आज मैदानावर येताना तिची जोडीदारीण ताईंच्या कानाशी लागली होती. ही गोलकीपर; तिला सगळ्या भिंत म्हणायच्या. "ताई, पाखरूला सकाळपासून उलट्या होताहेत. आणि आपण कुठं आलोय, असं विचारत होती मला. हसत विचारत होती, पण..."

आता भिंत पॅडचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा लावत होती.

"सर," ताई पुढे झाल्या, "पाखरूला आज बसवू या. डॉक्टरांना दाखवू."

"का? पाखरू, इकडे ये. काल लागलं होतं ना तुला? काही होतंय?"

"नाही सर."

"चक्कर वगैरे? डोकं?"

"एकदम फिट, सर." आणि हसली, नेहमीसारखीच, तोंडभरून.

सरांनी ताईंकडे पाहिलं. "ती तर नाही म्हणते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

भिंतीची मान आणखी खाली गेली. नाव घेतलं असतं, तर आजच सामान बांधावं लागलं असतं पोरीला. ताईंनी भिंतीकडे पाहणं टाळलं.

"कुणी नाही. मला दिसतंय ना."

सर जवळ आले, आवाज उतरवून अगदी आपुलकीनं बोलले. "ताई, तुमची जागा मला दिली, त्याचा त्रास होतच असणार. मी समजू शकतो. पण तो मधे आणू नका. पोरींचं नुकसान होईल."

द्यावं चांगलं सुनावून, असं ताईंना वाटलं. पण त्रास होत होता, हे खोटं थोडंच होतं? रोज होत होता, सरांना नुसतं पाहिलं तरी होत होता. तेवढ्या एका खऱ्यापायी ताईंनी माघार घेतली. त्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

चेंडू आत आला. पाखरू सुटली, वेळेवर पोचली, स्टिक आडवी घालून चेंडू उडवून लावला.

"शाब्बास!" सर म्हणाले. "बघितलंत ताई?"

ताईंनी बघितलं. क्षणभर वाटलं, आपल्याच मनाचे खेळ असतील.

पुन्हा चेंडू आला. या खेपेला तो पाखरूच्या खांद्यावरून गेला आणि खाडकन गोलच्या फळीवर आदळला. संपलं. फ्लिक मारणारी स्टिक टेकवून वळली, बाकीच्या आपापल्या जागी परतू लागल्या.

पाखरू थांबली नाही. फ्लिक मारणारीच्या शेजारून ती तशीच पुढे गेली. मधली रेषा ओलांडली. मैदानाच्या रिकाम्या अर्ध्या भागात, जिथं चेंडू नव्हता, कुणीच नव्हतं, तिथं ती धावत राहिली. स्टिक खाली, मान सरळ, तोच वेग.

"पाखरू!" भिंत ओरडली. "अगं ए पाखरू!"

पाखरूनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ताई शिट्टी टाकून पळत सुटल्या. त्यांच्या मागे जाड पॅड आपटत भिंत, आणि मग एकीच्या मागे एक सगळ्याच.

सर एकटेच गोलपाशी उरले. ते टाळ्या वाजवत होते.

"याला म्हणतात दम!" ते मोठ्यानं म्हणाले. "पोरगी थांबायचं नावच घेत नाही!"