वरद, पुढे काय?

आमच्या ह्यांनी इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी मंडळात 'अमेरिकेचे अध्यक्ष आणि वर्णभेद' या विषयावर वीस मिनिटांचं भाषण तासभर केलं. सगळी माणसं समान असं लिहून घरी शेकडो गुलाम राबवणाऱ्या जेफरसनला त्यांनी असं काही झोडपलं की मागच्या रांगेत डुलक्या घेणारेही जागे झाले. शेवटी म्हणाले, "इथले गोरे मला तीस वर्षांनंतरही विचारतात, 'पण तुम्ही मूळचे कुठले?' अहो, माणूस समोर उभा आहे, तेवढं पुरत नाही?" टाळ्यांचा कडकडाट झाला. वड्यांचे डबे उघडायचे सोडून मीही वाजवल्या.

चहाच्या वेळी नुकताच इकडे नोकरीला आलेला एक मुलगा मुद्दाम भेटायला आला. "काका, फार पटलं तुमचं. मी वरद."

"वा! वरद, पुढे काय?"

"वरदच म्हणा ना."

"तसं नव्हे रे. मूळचे कुठले तुम्ही?"

"पुण्याचे."

"पुण्यात काय, सगळेच असतात. आडनाव काय?"

मी ह्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग शून्य.

त्या मुलानं हातातला वडा बशीत ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "जेफरसन."

ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, पडला एकदाचा डोक्यात प्रकाश!

"अच्छा, अच्छा," ह्यांनी मान डोलावली. "आणि धर्मांतराच्या आधीचं?"