खिडकीतला निळा उजेड

शेवंताबाई रिकामी रबरी पिशवी घेऊन शेजारच्या विलासच्या दारात उभ्या होत्या.

"विलासभाऊ, आमची भट्टी बंद पडलीय आणि यांना धाप लागलीय. विरजण मागावं तसा थोडा प्राणवायू मागायला आले. तुमच्या खिडकीत निळं दिसतंय."

बाहेरच्या हवेत प्राणवायू नव्हता. घरोघरच्या भट्ट्या मायक्रोवेव्ह प्लाझ्माने हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडत, निळ्या उजळत, आणि साऱ्या इमारतीच्या सामायिक नळाला प्राणवायू येई. तपासनीस खालूनच उजेड बघून जात. वीज वाचवायला विलासने वर्षापूर्वी भट्टी बंद करून खिडकीत निळा बल्ब लावला होता.

"ताई, तो नुसता बल्ब आहे," तो खाली बघत म्हणाला.

"आणि हे महिनाभर दुरुस्ती टाळत होते. शेजारची चालू आहे की, म्हणायचे."

विलासने पिशवी घेतली, धावत जाऊन वरच्या मजल्यावरचं दार वाजवलं.

"तुम्हाला कशाला?" वरचे काका म्हणाले. "तुमची तर चालू आहे."