वळवलेलं वादळ

सावरट गावच्या मनोऱ्यानं अंगावर येणारं वादळ ढकलून दिलं आणि ते नदीपलीकडच्या आंबेशेत गावावर कोसळलं. सकाळी तिथली बेघर माणसं होड्यांतून सावरटच्याच शाळेत आली.

अनसूयेची लेक रेवती आंबेशेतात दिलेली होती. दोन्ही लेकरांना कुशीत घेऊन ती शाळेच्या व्हरांड्यात बसली होती, शेजारी सासू थंडीनं कुडकुडत होती. अनसूया कोरडं लुगडं घेऊन धावत आली.

"ऊठ बाई, घरी चल."

रेवती जागची हलली नाही. "वादळ आमच्यावर घालायचं ग्रामसभेत ठरलं, तेव्हा तू हात वर केलास?"

"केला. घरात तुझ्या भावाची पोरं होती गं."

"माझ्या घरात माझी होती."

कुणीतरी अनसूयेच्या पायाशी थुंकलं. रेवतीनं तिच्या हातातलं लुगडं ओढून घेतलं आणि सासूला नीट गुंडाळलं.

"पुढच्या वर्षी आम्हीही मनोरा उभारतोय," आईकडं न बघता ती म्हणाली. "वादळ तुमच्याकडंच ढकलू. तेव्हा मीही आधी सांगायला येणार नाही."