चाळीस जणांचे गमबूट

कृषी महाविद्यालयाच्या गोठ्यात शेण काढणाऱ्या मावशींना सरांनी हाक मारली. "मावशी, तुमचे गमबूट द्या जरा, पोरांचे फोटो काढायचेत." वर्षभर एकही पोरगं गोठ्याकडे फिरकलं नव्हतं; आज चाळीस जण रांगेत. एकेकाने बूट चढवायचे, फावडं धरायचं, हसायचं, की झाला प्रत्यक्ष कामाचा अनुभव! विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामावरच्या सरांच्या संशोधन अहवालात प्रत्येक नावापुढे एक फोटो लागणार होता. मावशी अनवाणी शेणात उभ्या राहिल्या. "फोटोत येताय, बाजूला सरका," सर खेकसले. एका मुलीने नाकावरचा रुमाल फोटोपुरता काढला. "सर, मला बँकेच्या परीक्षा द्यायच्यात." "सगळ्यांनाच द्यायच्यात. हस." शेवटच्याने बूट चिमटीत धरून परत केले. "हात नीट धुवा रे, घाण असते," सर म्हणाले. मावशी नळावर गेल्या. बुटांच्या बाहेरचं शेण त्यांनी तसंच ठेवलं. बूट साबणाने तीनदा धुतले, फक्त आतून.