बिननावाची ओळ

तबलजी भार्गवरावांच्या मेंदूत चालू असलेल्या दोनशे कामांची यादी पडद्यावर होती. एक बिननावाची ओळ एकटीच तीस टक्के मेंदू खात होती. थकवा घालवायलाच तर ते दवाखान्यात आले होते! डॉक्टर उल्काने ती ओळ बेधडक बंद केली.

"वा, कसं हलकं वाटतंय!" म्हणत भार्गवराव सवयीने टेबलावर ठेका धरायला गेले. बोटं हललीच नाहीत.

उल्काचं धाबं दणाणलं. पडद्यावर 'उजवा हात' लाल झाला होता. पुढे लिहिलं होतं, 'वाट पाहतोय'. कशाची? ती ओळ तर यादीतून पुसली गेली होती.

"अहो, यांचा लेहरा बंद केलात की काय?" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सुमित्राबाई ओरडल्या. "चाळीस वर्षं यांच्या डोक्यात साथीच्या पेटीची ती धून वाजतेय. तिच्याशिवाय हात कसा उठेल?"

आणि त्यांनी स्वतःच सोळा मात्रांचा लेहरा गुणगुणायला घेतला. दुसऱ्या आवर्तनात पडद्यावर ती बिननावाची ओळ हिरवी होऊन पुन्हा लुकलुकली. उल्का श्वास रोखून मात्रा मोजू लागली. चौदा, पंधरा, सोळा...

"धा!" भार्गवरावांचा पंजा बरोब्बर समेवर टेबलावर कडाडला.

उल्का आनंदाने किंचाळलीच. मग तिने त्या ओळीला नाव दिलं, 'भार्गवराव'.